मासे, दूध आणि दोष

कातडी या शब्दाभोवती मराठीने मोठा संसार मांडला आहे. प्रसंग येताच अंग काढून घेणाऱ्याला आपण कातडीबचाऊ म्हणतो. टीकेने न हलणाऱ्याची कातडी गेंड्याची असते. ज्याचे उपकार फिटायचे नाहीत त्याच्यासाठी आपल्या कातडीचे जोडे करण्याची भाषा होते. आणि एखादे गाव, एखादी संस्था नव्याने उभी राहिली की तिने कात टाकली, असे वर्तमानपत्रे लिहितात. या साऱ्या वाक्प्रचारांत कातडी ही दुसऱ्याच कशाची तरी खूण असते. तिचे स्वतःचे दुखणे असू शकते, ती कोरडी पडते, तडकते, तिचे पापुद्रे निघतात, याच्याशी वाक्प्रचारांना कर्तव्य नाही. ते असावे अशी अपेक्षाही कुणी करणार नाही. पण ज्या घरात अशी कातडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिथे या शब्दांचे अर्थ थोडे वेगळे लागतात. आमच्या घरात कात वर्षभर टाकली जाई आणि तिने कुणी नवे होत नसे. गडद रंगाच्या सतरंजीवरून कुणी उठले की मागे बारीक पांढरा भुसा उरे, आणि तो कुणाच्या लक्षात येण्याआधी झटकून टाकायची सवय आम्हांला लहानपणीच लागलेली होती.

या लेखाचा विषय ती कातडी आहे. पण त्याहून अधिक, तिच्याविषयी बोलताना आपण वापरतो ते शब्द आहेत. त्यांतही विशेषतः एक शब्द: दोष.

आधी वस्तुस्थिती. वैद्यक या स्थितीला इक्थिऑसिस म्हणते. ग्रीक भाषेत इक्थिस म्हणजे मासा. इंग्लंडमधील रॉबर्ट विलन यांच्या १८०८ सालच्या त्वचारोगांवरील ग्रंथात या नावाखाली तिचे वर्णन आढळते. इक्थिऑसिस हे एका रोगाचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. त्यातला सर्वांत सामान्य, सौम्य प्रकार सुमारे अडीचशे माणसांत एकाला असतो, असे सांगितले जाते. दुसरा प्रकार आईकडून येतो आणि जवळजवळ फक्त मुलग्यांत दिसतो. तो काही हजार मुलग्यांत एखाद्याला होतो. बाकीचे प्रकार दुर्मीळ, आणि काही अतिशय गंभीर. आमच्या घरातला पहिला, सौम्य.

त्वचेच्या अगदी बाहेरच्या थरातील पेशी मेलेल्या असतात. खाली नव्या पेशी तयार होतात, साधारण महिन्याभरात वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी इतक्या सूक्ष्म कणांनी गळून पडतात की डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे कात प्रत्येकच माणूस टाकत असतो. त्याला ते कळत नाही, इतकेच. इक्थिऑसिसमध्ये हे गळणे बिघडते. पेशी एकमेकींना धरून राहतात, थर साचतो, कडा उचलल्या जातात आणि नडग्यांवर, दंडांवर, पाठीवर खवल्यांसारखी नक्षी उमटते. कोपराच्या आतली आणि गुडघ्यामागची जागा मात्र बहुधा मऊच राहते. जन्मतः काही दिसत नाही. काही महिन्यांनी अंग रखरखीत लागू लागते. ही स्थिती संसर्गाने पसरत नाही, आणि अंग कितीही घासले तरी जात नाही. उलट घासल्याने वाढते.

आता आजीची गोष्ट. तिचे सासर वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यात. तिच्या पाच मुलांपैकी तिघांची कातडी अशी निघाली: थोरली आत्या, माझे वडील आणि धाकटे काका. थोरल्या आत्याचे अंग सहाव्या-सातव्या महिन्यात खरखरीत लागू लागले, तेव्हा पणजीने निदान केले की सुनेने पोटुशी असताना मासे खाऊन वर दूध घेतले. मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत हा निषेध जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराच्या चर्चेत तो येतो. लोकव्यवहारात त्याचे फळ म्हणजे अंगावर उठणारे काहीतरी: कोड, चट्टे, खवले. पणजी बोलली, शेजारणींनी दुजोरा दिला, आणि पुढे तीन मुलांच्या तीन गरोदरपणांचा हिशेब आजीच्या नावावर मांडला गेला. उरलेली दोन मुले नितळ कातडीची निपजली, याचा खुलासाही तयार होता: त्या वेळी तिने पथ्य पाळले असणार. आरोप खोटा ठरण्याची सोयच त्या रचनेत नव्हती.

आजी याविषयी सहसा बोलत नसे. उतारवयात एकदा मी नेट लावून विचारले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “गे बाये, घरात दूद खंय होतां?” गाय भाकड होती, चहापुरते दूध शेजारून येई, आणि तेही आधी पुरुषांच्या पेल्यांत जाई. ज्या गुन्ह्याबद्दल ती तीस-चाळीस वर्षे बोलणी खात होती, तो करण्याची ऐपतच त्या घरात नव्हती. मला तिच्या हसण्यापेक्षा एका गोष्टीचे अधिक वाटले. हे उत्तर तिने तोवर कुणालाही दिले नव्हते. देऊन उपयोग नव्हता, कारण प्रश्न दुधाचा नव्हताच. घरात न समजणारी गोष्ट घडली होती आणि तिला कुणीतरी कर्ता हवा होता.

माझे वडील १९६४ साली शिक्षकाची नोकरी मिळून सोलापूरला गेले. कोकणात जी कातडी नुसती कोरडी वाटे, ती देशावर पहिल्याच हिवाळ्यात फुटली. नडग्यांवर भेगा पडल्या, टाचांतून रक्त येऊ लागले, धोतर-लेंग्याचे कापड पायांना अडकू लागले. मे महिन्याच्या सुटीत ते गावी आले की आठ-दहा दिवसांत कातडी निवे. जूनमध्ये परत गेले की दिवाळीपासून पुन्हा तेच. घरच्यांनी याचा अर्थ आपल्या परीने लावला. गावचे पाणी मानवते. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले आहे, त्याला यश येते आहे. दर वर्षी गाऱ्हाणे, दर वर्षी गुण. एवढा नियमित पुरावा कुणाला नाकारता येईल?

आणि पुरावा खोटा नव्हता. समुद्राकाठच्या दमट हवेत ही कातडी खरोखरच सुधारते. कोरड्या, थंड हवेत बिघडते. घरच्यांनी जे पाहिले ते अगदी बरोबर पाहिले होते. निरीक्षण खरे, आणि त्याला जोडलेले कारण वेगळे, असा हा प्रकार आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो अपरिचित नसावा. पाठ नीट वाचलेला असतो, पण त्यावर रचलेला अर्थ वाचकाच्या गरजेतून आलेला असतो. म्हणूनच जुन्या समजुतींना मी सरसकट अडाणीपणा म्हणू शकत नाही. त्या समजुती निरीक्षणांवर उभ्या असतात. त्यांचा अन्याय निरीक्षणात नसून ‘कुणामुळे?’ या प्रश्नाच्या घाईत असतो.

चरकसंहितेत माशाचा उल्लेख आहारापुरताच नाही. तिच्या चिकित्सास्थानात अठरा प्रकारची कुष्ठे सांगितली आहेत: सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांतील एककुष्ठाच्या वर्णनात घाम न येणे, मोठी जागा व्यापणे आणि माशाच्या खवल्यांशी साम्य ही लक्षणे आहेत; चर्मकुष्ठाला हत्तीच्या कातड्याची उपमा दिली आहे. आजचे वैद्य एककुष्ठाचा संबंध बहुधा सोरायसिसशी लावतात. एककुष्ठ म्हणजेच इक्थिऑसिस असा दावा मी करत नाही. मला लक्षणीय वाटते ते हे की ग्रीक शब्दावरून नाव घडवणारे युरोपीय वैद्य आणि संस्कृतात लिहिणारे आचार्य, दोघांनाही तडकलेली कातडी पाहून मासाच आठवला. माणसाच्या अंगावर माणसाचे न वाटणारे काही दिसले की भाषा प्राण्यांकडे धावते.

त्या उपमेहून घातक ठरले ते ‘कुष्ठ’ या शब्दाचे पुढचे आयुष्य. संस्कृत वैद्यकात तो त्वचेच्या अनेक विकारांना मिळून वापरलेला व्यापक शब्द होता. त्याच्या कारणांत विरुद्ध आहाराबरोबर पापकर्मेही मोजलेली आहेत. आजच्या मराठीत कुष्ठ म्हणजे महारोग, दुसरे काही नाही. अर्थ आकुंचित झाला, पण त्यातली भीती आणि पापाची छाया मात्र जुन्या क्षेत्रफळावर तशीच पसरून राहिली. आत्याला शाळेत दुसरीत असताना वेगळ्या पाटावर बसवले होते. शिक्षकांना खरूज वाटली, गावात कुणी त्याहून मोठा शब्द उच्चारला. पुढे तिला बारा महिने लांब बाह्यांचे पोलके घालावे लागले. तिची कातडी घामही कमी गाळत असे, त्यामुळे वैशाखात त्या बाह्यांत तिचा जीव घाबरा होई. अंग झाकण्याचा उपाय दुखण्यापेक्षा जड होता.

ही छाया केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकन कथाकार जॉन अपडाइक यांना सोरायसिस होता. तो इक्थिऑसिसहून वेगळा विकार, पण खवल्यांचा, आणि घराण्यातून येण्याकडे कल असलेला. अपडाइक यांना तो आईकडून आला. १९७६ सालच्या त्यांच्या एका कथेचा नायक कुंभारकाम करणारा सोरायसिसचा रुग्ण आहे, आणि कथेच्या शीर्षकात तो स्वतःला कुष्ठरोगी म्हणवतो. पुढे १९८९ च्या ‘सेल्फ-कॉन्शसनेस’ या आत्मपर पुस्तकात त्यांनी या कातडीवर एक पूर्ण प्रकरण लिहिले. राहण्याची जागा समुद्रकिनारा आणि ऊन पाहून ठरवणे, चारचौघांत वावरण्याची गरज नसलेला लेखनासारखा व्यवसाय जवळचा वाटणे, अशा आयुष्यातल्या निवडींचा माग ते कातडीपर्यंत नेतात. ते वाचताना मला दर मे महिन्यात वेंगुर्ल्याची गाडी धरणारे वडील दिसले. फरक एवढाच, की अपडाइक यांना आपल्या कातडीविषयी पानेच्या पाने लिहिता आली आणि माझ्या वडिलांना एक वाक्यही कधी बोलता आले नाही. “आपली कातडी अशीच” एवढे ते म्हणत. त्या तीन शब्दांत आधार होता, आणि पुढचे बोलणे बंद करण्याची सोयही होती.

‘आपली’ म्हणजे नेमकी कुणाची, हा प्रश्न मात्र घरात धुमसत राहिला. आजीकडची की आजोबांकडची? वंशावळीचा असा जबाब घेण्याचा मोह सगळीकडेच फार जुना आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील एडवर्ड लॅम्बर्ट या मुलाला १७३१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आणले गेले. चेहरा, तळहात आणि तळपाय सोडून त्याचे अंग काळपट, राठ काट्यांसारख्या कातडीने झाकलेले होते. हा इक्थिऑसिसच्या कुळातलाच एक दुर्मीळ प्रकार. लोक त्याला साळिंदर-माणूस म्हणू लागले. १७५५ मध्ये हेन्री बेकर यांनी त्याच्याविषयी पुन्हा लिहिले, तेव्हा त्याच्या मुलाचीही कातडी तशीच होती. अशा कातडीची एक वेगळी मानवजातच या माणसापासून निपजू शकेल, आणि मूळ योगायोग विसरला गेला तर पुढचे लोक तिला निराळी जात समजतील, असा तर्क बेकर यांनी केला. या घराण्यातल्या माणसांना पुढे गावोगाव दाखवून पैसे मिळवले गेले.

पुढची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. ही कातडी लॅम्बर्ट घराण्यात अनेक पिढ्या फक्त बापाकडून मुलग्यांकडे गेली, मुलींना ती कधीच झाली नाही, अशी वंशावळ छापली जाऊ लागली. अनुवंशशास्त्राच्या पुस्तकांत ती पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरून चालणाऱ्या वारशाचे उदाहरण म्हणून शिकवली गेली. १९५८ साली लायनेल पेनरोज आणि कर्ट स्टर्न यांनी मूळ नोंदी पुन्हा तपासल्या आणि ती वंशावळच भरवशाची नसल्याचे दाखवून दिले. घराणे तमाशात उभे होते. तमाशाला ठसठशीत कथा हवी होती. आणि शास्त्राने ती कथा जशीच्या तशी उतरवून घेतली होती. मूळ कागदांपर्यंत न जाता आधीच्या ग्रंथातले विधान पुढच्या ग्रंथात नेणे हे साहित्याच्या इतिहासातही किती चालते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

आमच्या घरच्या प्रकाराचे कारण २००६ साली सापडले. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने आयर्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेतल्या काही कुटुंबांचा अभ्यास करून ते फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात असल्याचे दाखवले. हे प्रथिन बाहेरच्या पेशींतले तंतू एकत्र बांधते. मग ते स्वतः विघटित होते आणि त्यातून पाणी धरून ठेवणारी द्रव्ये तयार होतात. ते नसले किंवा कमी पडले तर पेशींची भिंत नीट रचली जात नाही आणि ओल टिकत नाही. त्या कुटुंबांत जनुकातले दोन बदल सापडले. एकात, प्रथिनाच्या साखळीतला ५०१ वा घटक जिथे यायचा तिथेच ‘इथे थांबा’ अशी खूण आली आहे. दुसऱ्यात चार अक्षरे गळाली आहेत आणि त्यापुढचे सारे वाचन सरकले आहे. आपल्या पोथ्यांच्या भाषेत बोलायचे तर एके ठिकाणी वाक्याच्या मध्येच दंड पडला आहे, दुसऱ्या ठिकाणी लेखनिकाच्या हातून चार अक्षरे सुटली आहेत. आशियातल्या लोकांत याच जनुकात वेगळे बदल सापडले. जनुक एक, सुटलेली अक्षरे निराळी.

आई-वडिलांपैकी एकाकडून असा बदल आला तर कातडी थोडी कोरडी राहते, कधी फारशी जाणवतही नाही. दोघांकडून आला तर चांगलीच खवलेदार होते. इसब आणि दमा यांचाही या जनुकाशी संबंध आहे. आत्याचा दमा, जो आम्ही चुलीच्या धुराच्या खात्यावर टाकला होता, त्याचाही एक धागा कदाचित इथेच बांधलेला असावा.

माझ्या भाचीला २०११ साली पुण्यातील एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले तेव्हा त्यांनी नडग्यांकडे पाहण्याआधी तिचे तळहात पाहिले. या कातडीच्या माणसांच्या तळहातावर रेषा जास्त आणि खोल असतात. निदानाची ती एक खूण आहे. बहिणीने घरी येऊन हे सांगितले आणि वडील बराच वेळ आपला हात पाहत राहिले. मग म्हणाले, जत्रेत एका हात पाहणाऱ्याने आजोबांचा हात धरून म्हटले होते, ‘एवढ्या रेषा! मालक, फार काळजी करता तुम्ही.’ आजोबांच्या हातावर रेषांचे जाळे होते हे घरात सर्वांनाच आठवत होते. त्याला कुणी कधी कातडीशी जोडले नव्हते. पुरुषाच्या हातावरच्या जादा रेषा म्हणजे चिंता, कर्तृत्व, संसाराचा भार; बाईच्या मुलांच्या अंगावरचे खवले म्हणजे तिने खाल्लेले मासे.

इथे एक सोपी वाट उघडते. आजी निर्दोष, आजोबा दोषी, असा निकाल देऊन मोकळे होता येते. मला तो निकाल नको आहे. आजोबांकडून एक बदल आला असेल, आजीकडूनही आला असेल. दोघांच्याही मागे कितीतरी अनाम माणसांची रांग आहे. त्यांच्यापैकी कुणीही काहीही केलेले नाही. ज्ञानाचा उपयोग आरोपी बदलण्यासाठी करायचा असेल तर पणजीची पद्धत काय वाईट होती? या ज्ञानाने मला दिले ते इतकेच, आणि तेच मोठे वाटते, की आरोपीचा पिंजरा रिकामा करता आला.

मात्र भाषा तो रिकामा राहू देत नाही. मराठीत या सगळ्याला आपण ‘जनुकीय दोष’ म्हणतो. वर्तमानपत्रे लिहितात, डॉक्टर बोलतात, पाठ्यपुस्तके शिकवतात. आयुर्वेदातला दोष म्हणजे वात, पित्त, कफ. ते सर्वांच्याच शरीरात असतात आणि त्यांचा समतोल म्हणजे आरोग्य. त्या अर्थात आरोप नाही. पण बोलीतला दोष म्हणजे चूक, ठपका, पत्रिकेतला डाग. गंमत अशी की ज्यावर हा ‘दोष’ बसलेला असतो त्याला आपणच गुणसूत्र असे नाव दिले आहे. दूध आणि मासे गेले, पाप गेले, आणि त्यांच्या जागी शास्त्राच्या अधिकाराने पुन्हा दोषच आला.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही, हे भाचीच्या लग्नाच्या वेळी कळले. मुलीने पहिल्याच भेटीत मुलाला सगळे मोकळेपणाने सांगितले होते. त्याला काही वाटले नाही. मग त्याच्या आईंनी फोनवर माझ्या बहिणीला विचारले, “अहो, हा दोष तुमच्याकडून आला की यजमानांकडून?” प्रश्न अगदी आदराने विचारला होता. पुढच्या पिढीत येण्याची शक्यता किती, बहुतेक वेळा तो किती सौम्य असतो, हे बहिणीने समजावून सांगितले. आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका पाहिली, तीत दोष निघतो आहे. एका शब्दाने दुसऱ्या जागी जाऊन आपले काम केले. विवाहाच्या कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नमूद होते. ते २०१९ च्या दुरुस्तीने काढले गेले. कायद्यातून शब्द काढायला संसदेचे एक अधिवेशन पुरते. घरातून काढायला किती लागते, ते मला सांगता येत नाही.

मग दुसरा शब्द कोणता? माझ्या पेशामुळे मला प्रथम ‘पाठभेद’ सुचला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पानांतळी मिळालेले पाठभेद ओळीने नोंदवलेले आहेत. संपादक एक पाठ वर घेतो, पण तळटीपेतल्या पाठाला पापी ठरवत नाही. कुठल्या हस्तलिखितात काय आहे, ते कुठून आले असावे, एवढेच तो सांगतो. जनुकांकडे असे पाहता आले तर किती बरे, असे मला वाटले. वाटले, आणि मग थांबले. १७५० साली दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनमध्ये ऑलिव्हर हार्ट या धर्मोपदेशकाने आपल्या रोजनिशीत एका नवजात बालकाची नोंद केली आहे. त्याची सारी कातडी जाड कवचासारखी होती आणि ती जागोजागी खोल चिरलेली होती. इक्थिऑसिसच्या या सर्वांत भयंकर प्रकाराचे जनुक २००५ मध्ये सापडले. आज उपचारांनी अशी काही बालके जगतात, पूर्वी बहुतेक काही दिवसांतच जात. त्या बालकाच्या आईला ‘हा पाठभेद आहे’ असे सांगणे म्हणजे तिच्या दुःखाकडे पाठ फिरवणे होईल. तिथे विकार हाच शब्द खरा. आमच्या सौम्य घरातसुद्धा वडिलांच्या टाचांतले रक्त पाठभेद नव्हते. विद्वत्तेचा शब्द ठपका काढून टाकतो, पण त्याच्याबरोबर वेदनाही काढून टाकण्याचा धोका असतो.

या कातडीवर समूळ उपाय आजही नाही. जे आहे ते साधे: कडक साबण टाळायचा, कोमट पाण्याने आंघोळ करायची, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-चार मिनिटांत, मलम चोपडायचे. पेट्रोलियम जेली, ग्लिसरीन, युरियायुक्त मलम, जे मानवेल ते. दिवाळीच्या अभ्यंगात आपण आधी तेल लावतो आणि उटण्याने ते घासून काढतो. आमच्याकडे आता क्रम उलटा आहे. उटणे अंगणातल्या दिव्यापाशी नुसते वासापुरते ठेवतात आणि तेलाची वाटी न्हाणीघराबाहेर वाट पाहते. वडील अखेरपर्यंत मलमापेक्षा खोबरेलच लावत. भाची युरियाचे मलम वापरते. तिचे लग्न पुढे दुसरीकडे झाले.

गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. बारशाला आत्या आली होती. वय नव्वदीकडे झुकलेले, बाह्या अजूनही लांब. नाव ठेवून झाल्यावर नेहमीची चर्चा सुरू झाली: नाक आईचे, जिवणी आजीची, कपाळ मात्र वडिलांवर गेले आहे. ‘कुणावर गेले?’ हा प्रश्न मराठी घरात प्रत्येक बाळाविषयी विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरात ठपका नसतो. नकटे नाक, मोठे कान, कुरळे केस, सारे काही कुणावर तरी ‘जाते’. ज्याच्यावर जाते त्याचे नाव प्रेमाने निघते, मेलेल्या माणसाचेही. आत्याने बाळाच्या नडगीवरून अंगठा फिरवला. कातडी थोडी खरखरीत लागली असावी. भोवती क्षणभर कुणी बोलले नाही. मग आत्या म्हणाली, “पाय माझ्यावर गेले हत,” आणि भाचीकडे तेल मागितले.

आनुवंशिकतेसाठी मराठीत पारिभाषिक शब्द पुष्कळ घडवले गेले आहेत, आणि ते लागतातच. पण मला हवा होता तो शब्द बहुधा आधीपासूनच बारशाच्या घरात होता. कातडीसाठी तो कुणी वापरला नव्हता, एवढेच.